आठवं पेन

माणसाला आपल्या तरुणपणाचा अभिमान असतो, तसा वेतामावशीला आपल्या यंत्राचा होता. यंत्र म्हणजे मेंदूचा आलेख काढणारं, आठ पेनांचं, लोखंडी कपाटाएवढं धूड. ब्राइला गावच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर शेवटच्या खोलीत ते ठेवलेलं असे आणि सुरू झालं की शेजारच्या खोलीतले लोक भिंतीवर थापा मारत. आता ते भंगारात जाऊन तीस वर्षं झाली. पण मावशीपुढे कुणी हल्लीच्या संगणकांचं कौतुक केलं की ती नाक मुरडायची. म्हणायची, "त्यात काय बघायचं? शाईचा वास नाही, पेनाची करकर नाही. पोराच्या डोक्यात काय चाललंय ते आम्ही कानांनी ऐकायचो."

खरं नाव वेतूरिया द्रागिच. वय एकाहत्तर. नवरा बोटीवर होता, तो जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. पण गावात निदान चाळीस माणसं अशी होती की जी रस्त्यात तिला पाहिलं की आपसूक डोक्याला हात लावायची. लहानपणी मावशीनं त्यांच्या डोक्यावर थंडगार लगदा लावून तारा चिकटवल्या होत्या ना! फेफऱ्याची पोरं ती. मावशी त्यांना अजून पोरंच म्हणायची, मग त्यातल्या कुणाला नातवंडं का असेनात.

तर अशी ही मावशी नोव्हेंबरच्या एका सकाळी स्वयंपाकघरात बसली होती आणि समोर इलिंका नावाची मुलगी होती. बुखारेस्टहून आलेली, एकोणतीस वर्षांची, डॉक्टरकी झाल्यावर पुन्हा संशोधन करणारी. मावशीनं रीतीप्रमाणे बशीत चमचाभर चेरीचा मुरंबा आणि गार पाण्याचा पेला पुढे ठेवला. पोरीनं मुरंबा एका घासात संपवला, म्हणून मावशीला ती लगेच आवडली.

"काम काय करतेस तू नेमकं?" मावशीनं विचारलं. "आणि मला समजेल असं सांग. मोठे शब्द मी चाळीस वर्षं टाइप केलेत, अर्थ एकाचाही ठाऊक नाही."

इलिंका हसली. "मावशी, मेंदूचे भाग एकमेकांशी बोलत असतात. काही जवळचे, काही लांबचे. कोण कुणाशी किती बोलतो याचं एक जाळं असतं. फेफऱ्याच्या माणसात हे जाळं बदलतं. काही भाग एकमेकांत नको इतके गुंततात, काही तुटून पडतात. आणि वर्षं जातात तसतसं आणखी बदलतं. मला ते चाळीस वर्षांचं बघायचंय. त्याच माणसांचं. तेव्हाचा कागद आणि आजचं यंत्र."

"तेव्हाचे कागद आहेत कुठे?"

"तळघरात. तुम्ही बांधून ठेवलेले गठ्ठे. तुमच्यासारखं नीट कुणीच ठेवलेलं नाही."

मावशी फुलली, कबूल करायला हवं. इलिंकानं पिशवीतून एक गठ्ठा काढून टेबलावर पसरला आणि मावशीला गहिवरून आलं. पिवळा पडलेला, घड्यांवर घड्या पडलेला तो लांबलचक कागद, त्यावर निळ्या शाईच्या आठ ओळी, आणि कडेला तिचं स्वतःचं बत्तिसाव्या वर्षीचं अक्षर. "डोळे मिटले." "खोकला." "आई आत आली." "हसला."

काय दिवस होते ते. खायची मारामार, विजेचा पत्ता नाही, कॉफी म्हणून भाजलेल्या ओटाचं पाणी. पण त्या खोलीत डॉक्टर मोगोश होते. दीड हाडाचा माणूस, कोटाला शाईचे डाग, आणि खिडकीत ओळीनं मांडलेली गुतुईची पिवळी फळं. ती खायची नाहीत, वासासाठी ठेवायची. पोरं रडत आत यायची आणि त्या वासानं गप्प व्हायची. डॉक्टर सांगायचे, "बघ, ही आठ पेनं म्हणजे तुझे आठ घोडे. हलू नकोस, नाहीतर उधळतील." आणि मग पोर दगडासारखं पडून राही. मावशीला वाटे, आपण जगातलं सर्वांत शहाणं काम करतो. तसं पुन्हा कधी वाटलं नाही, तिनं इलिंकाला तसं सांगितलंही.

"हा कुणाचा कागद, ओळखा," इलिंका म्हणाली.

मावशीनं नाव वाचायच्या आधीच ओळखलं. "कुलित्साचा. नऊ वर्षांचा होता. सगळा वेळ डाव्या पायाची बोटं हलवत होता, बघ, मी लिहिलंय."

कुलित्सा म्हणजे मावशीचा सगळ्यांत लाडका. बाप डॅन्यूबवर बोट हाकायचा आणि पोरालाही बोटच हाकायची होती. आठव्या वर्षी झटके सुरू झाले आणि ते राहूनच गेलं. औषधं झाली, सगळी झाली, झटका काही सुटला नाही. आता अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, बाजारात एका टपरीत बसून पिशव्यांच्या आणि बुटांच्या चेन दुरुस्त करायचा, कारण बसून करायचं आणि धारेची हत्यारं न लागणारं काम तेवढंच. आठवड्यातून दोन-तीनदा टपरीतच आडवा व्हायचा. शेजारची लोणचंवाली त्याला कुशीवर वळवायची. लग्न ठरलं होतं एकदा, मुलीच्या घरच्यांनी झटका पाहिला आणि मोडलं. दर सहा डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, म्हणजे आपल्या नावाच्या दिवशी (कुलित्सा हे निकोलाचंच लाडाचं रूप), तो मावशीकडे मासा घेऊन यायचा आणि दोघं आंबट रश्शाबरोबर जेवायची. आई गेल्यापासून तर चुकवलंच नव्हतं.

"त्याचं ऑपरेशन व्हायचंय ना?" मावशीनं विचारलं. "मला सांगत होता. बुखारेस्टला नवे डॉक्टर आलेत, त्यांनी पुन्हा सगळं तपासलं."

इलिंकाचा चेहरा थोडा पडला. "व्हायचंय की नाही ते येत्या पाच तारखेला ठरेल. गुरुवारी. डॉक्टरांचं मंडळ बसतं. नव्या तपासण्या सांगतात, झटका डावीकडून उठतो. डावीकडचा तेवढा भाग काढला तर बरा होऊ शकतो. पण त्याच्या फाइलमध्ये पहिल्यापासून लिहिलंय, दोन्ही बाजू. उजवीही आजारी असेल आणि आपण डावी काढली, तर माणसाला नवीन काही लक्षातच राहत नाही. सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी. ती जोखीम कोणी घेणार नाही. आणि…" ती जरा अडखळली, "आणि माझ्या मोजणीतही तेच निघालंय. म्हणून तर मी आले."

"काय निघालंय?"

इलिंका पुढे सरकली. आता तिचे डोळे चमकत होते. तिचं सगळं काम त्यात होतं. तिनं ते जुने कागद संगणकात घालून मोजले होते. कुलित्साच्या मेंदूची डावी कानशिलाची बाजू आणि उजवी कानशिलाची बाजू एकमेकांशी अशी जखडलेली होती की तिनं असं कुठे पाहिलंच नव्हतं. आणि एकट्या कुलित्साची नाही. एकोणीसशे पंच्याऐंशी ते त्र्याण्णव या काळातल्या ज्या सात पोरांचे कागद तिनं मोजले, त्या सातही जणांची. आणि चौऱ्याण्णवपासून पुढच्या एकाही आलेखात ती जोडणी नाही. सुटली. सातही जणांची. तिला वाटत होतं, एकोणनव्वदच्या क्रांतीनंतर बाहेरून नवी औषधं आली त्यांचा हा परिणाम असावा. मंडळाला तिनं कच्चा मसुदा पाठवलाही होता.

"सातही जणांची एकाच वर्षी सुटली?" मावशी म्हणाली.

"हो ना. तेच तर नवल. फक्त एक विचारायचं होतं. हे काय आहे?" तिनं कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे शाईनं काढलेला एक छोटा मासा होता. "सगळ्या कागदांवर आहे. मुलांसाठी काढायचात का?"

"हो, मुलांसाठी," मावशी सवयीनं म्हणाली. तीस वर्षं ती हेच उत्तर देत आली होती आणि ते देता देता तिला स्वतःलाही खरं वाटू लागलं होतं. पण या वेळी शब्द तोंडातून निघाले आणि तिची नजर चौथ्या ओळीवरून आठवीवर गेली.

ती उठली. तिनं तो कागद उचलून खिडकीपाशी नेला. चौथी ओळ आणि आठवी ओळ एकमेकींवर येतील अशी घडी घातली आणि काचेला लावून धरली. बाहेर ऊन होतं. दोन्ही ओळी एकमेकींत अशा मिसळल्या की एकच राहिली. टोकाला टोक, खड्ड्याला खड्डा. तिनं पुढचा भाग धरला. तोच प्रकार. त्याच्या पुढचा, तोच. खोकल्याची उसळीसुद्धा केसाचाही फरक न राखता दोन्हीकडे सारखी.

"पोरी," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, "हा मेंदू नाही. ही तार आहे."

इलिंकाला काही कळेना. मग मावशीनं बसून सगळं सांगितलं.

पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात यंत्राचा आठवा खण जळला. आठवं पेन उजव्या कानशिलाचं. भाग बाहेरच्या देशातून यायचा आणि बाहेरून काहीच आणायचं नाही असा वरचा हुकूम होता. आणि पोरांना औषध मिळायचं ते जिल्ह्याच्या समितीकडून. समितीचा नियम असा की आठ ओळींचा आलेख जोडला तरच औषधाचा कोटा. सात ओळींचा कागद परत. आठवी ओळ सपाट दिसली तरी परत. दोन पोरांचे कागद तसे परत आले आणि त्यातली एक मुलगी औषधावाचून सात दिवस झटके खात राहिली. मग डॉक्टर मोगोशांनी वीजवाल्या तितूसला बोलावलं. तितूसनं एक बोटभर तार डकवली. चौथ्या, म्हणजे डाव्या कानशिलाच्या पेनाला जे येई तेच आठव्याला मिळू लागलं. आठही पेनं नाचायला लागली. समिती खूश.

"आम्ही त्या दिवशी आलुबुखाऱ्याची दारू प्यालो," मावशी म्हणाली. "लबाडी म्हणून नव्हे गं. पोरांना औषध मिळालं म्हणून. डॉक्टर म्हणाले, ज्या कागदावर आठवं पेन खोटं बोलतंय त्यावर खूण करा, म्हणजे मी फसणार नाही. मी मासा काढला. मासा मुका असतो ना, म्हणून. आणि समितीचा कागद झाला की आम्ही तारा बदलून उजवी बाजू चौथ्या पेनावर घ्यायचो, खरा कागद काढायचो. तो डॉक्टर स्वतःच्या कपाटात ठेवायचे. कुलित्साचाही काढला होता. मला स्वच्छ आठवतंय, डॉक्टर म्हणाले होते, पोराची उजवी बाजू आरशासारखी लख्ख आहे."

"मग ते कागद कुठे आहेत?"

"रद्दीत. अठ्ठ्याऐंशीत डॉक्टर गेले. प्रत्येक कचेरीनं अमुक किलो रद्दी द्यायचीच असा दंडक होता तेव्हा. शिक्क्याच्या फायलींना हात लावायची कुणाची छाती नव्हती. बिनशिक्क्याचं कपाट दिलं. खरे कागद गेले आणि खोटे राहिले."

इलिंकानं तो कागद घडीवर घडी घालून ठेवला. तिचा दोन वर्षांचा शोध स्वयंपाकघराच्या टेबलावर मरून पडला होता. मावशीला तिची दया आली, पण काय करणार? चौऱ्याण्णवमध्ये फ्रान्सहून मदत म्हणून नवं यंत्र आलं होतं. सातही जणांची जोडणी सुटली ती त्यामुळे.

"पण नंतरच्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?" इलिंकानं विचारलं.

हा प्रश्न येणार हे मावशीला ठाऊक होतं. मोगोशांच्या जागी डॉक्टर पानाइत आले. तिला वाटलं, मोगोशांनी त्यांना सांगितलं असणार. ती मासे काढत राहिली, पानाइत ते पाहून हसत राहिले. कागदाची टंचाई म्हणून दुसरा आलेख काढणं त्यांनी बंद केलं, तेव्हाही ती काही बोलली नाही. आणि मग त्र्याण्णव साल उजाडलं. कुलित्सा सतरा वर्षांचा. बुखारेस्टला ऑपरेशनसाठी पाठवायचं की नाही, याचं पत्र. पानाइत सांगत होते आणि ती टाइप करत होती. "उजवी व डावी, दोन्ही बाजू सारख्याच बाधित. शस्त्रक्रियेस अयोग्य." तिची बोटं थांबली होती. तिनं वर पाहिलं होतं. पानाइत म्हणाले, "बाई, तुम्ही टाइप करा, विचार मी करतो." आणि तिनं केलं टाइप. एकदा कागदावर चढलं की कोण उतरवतो? पुढच्या प्रत्येक डॉक्टरानं तेच वाक्य उतरवून घेतलं.

"मला तेव्हा समजलं होतं," मावशी म्हणाली. "पुरतं नव्हे, पण टोचलं होतं. मी स्वतःला सांगितलं, डॉक्टरांना जास्त कळतं."

इलिंकानं तिचा हात धरला नाही की काही नाही. बरं केलं. तिनं वही काढली. "मी मंडळाला आजच लिहिते. माझी मोजणी चुकली असं लिहिते. पण तुमचा जबाब लागेल. तुम्ही स्वतः आलात तर आणखी बरं. घडी घालून दाखवा त्यांना, जशी मला दाखवलीत. आणि कुलित्साला मी फोन करते."

"नाही," मावशी म्हणाली. "त्याला मी सांगणार."

ती त्याच दुपारी बाजारात गेली. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. डॉक्टर मोगोश देवमाणूस म्हणून गावात नाव होतं, तिचं नाव त्यांच्या नावाला चिकटून होतं. आता लोक म्हणतील, तारा डकवत होते मेले. म्हणोत. तिला त्याचं तितकंसं वाटत नव्हतं. तिला भीती होती ती एकाच माणसाची.

कुलित्सा टपरीत एका शाळकरी दप्तराच्या चेनशी झटापट करत होता. कपाळावर जुन्या पडण्याची खूण, हात मात्र अलगद. "ये मावशी," तो म्हणाला. "आज कशी वाट वाकडी केलीस? सहा तारखेला वेळ आहे अजून. यंदा मोठा मासा सांगून ठेवलाय, सगळा तुलाच साफ करायचाय."

ती स्टुलावर बसली आणि तिनं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, रडली नाही. तार, मासा, समिती, रद्दी, पत्र. पत्रातलं ते वाक्य तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

कुलित्सानं चेन पक्की केली, दोनदा मागेपुढे ओढून पाहिली आणि दप्तर बाजूला ठेवलं.

"म्हणजे सतराव्या वर्षीच झालं असतं," तो म्हणाला.

"हो. निदान तपासलं तरी असतं. नाकारलं नसतं."

"आई मरेपर्यंत म्हणत होती, मी पोटात असताना ती बर्फावर पडली म्हणून दोन्ही बाजू गेल्या. दर रविवारी मेणबत्ती लावायची. माफी मागायची माझी. मी तिला म्हणायचो, जाऊ दे." तो थांबला. "ती तुमच्याकडे यायची ना? हे बोलायची ना तुमच्याजवळ?"

मावशीला त्या 'तुमच्याकडे'नं चटका बसला. जन्मभर तो तिला तू म्हणत आला होता.

"बोलायची," ती म्हणाली.

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

"म्हणायचे, देवाची मर्जी."

त्यानं हातातली पकड खाली ठेवली. लोणचंवाली पलीकडून काहीतरी ओरडून विचारत होती, त्यानं ऐकलं नाही. मग म्हणाला, "आज तुम्ही जा."

ती गेली. त्यानंतरचे आठ दिवस मावशीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. कुणी दार वाजवलं नाही. तिनं जबाब लिहिला, सही केली, चांगला कोट काढून त्याला ब्रश मारला. खिडकीत दरसाल ती गुतुई मांडायची, यंदा आणलीच नाहीत. जुने दिवस आठवायला बसलं की पूर्वी तिला बरं वाटायचं. आता मोगोशांचा हसरा चेहरा आठवला की त्यामागे झाम्फिरा, कुलित्साची आई, मेणबत्ती घेऊन उभी दिसायची. तरी ते दिवस खोटे होते असं काही तिला म्हणवेना. त्या तारेनं पोरांना औषध मिळालं होतं. त्याच तारेनं एकाचा जन्म खाल्ला. दोन्ही खरं होतं आणि एकानं दुसरं फिटत नव्हतं.

गुरुवारी पहाटेच्या गाडीला कुलित्सा फलाटावर होता. तिला पाहून त्यानं टोपीला हात लावला आणि तिची पिशवी उचलून वर ठेवली. "माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "पण वाटेत झटका आला तर काय करायचं हे तुम्हाला कळतं." साडेतीन तासांच्या प्रवासात झटका आला नाही आणि तो आणखी काही बोलला नाही.

मंडळ म्हणजे सात डॉक्टर आणि एक लांब टेबल. इलिंका भिंतीशी उभी होती. तिनं सगळ्यांसमोर आधी आपली चूक सांगितली, सरळ, काही न लपवता. मग मावशीला बोलावलं. मावशीनं कागद पसरला, घडी घातली आणि काचेला लावला. सातही डॉक्टर उठून खिडकीशी आले. त्यांच्यातला सर्वांत म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिला. "आमच्याकडेही एक पेन असंच होतं," तो हळूच म्हणाला. "तिसरं." बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

मग त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं. दुसरा आलेख तिनं स्वतः काढला होता का? हो. उजव्या बाजूला काय दिसलं? काही नाही, निरोगी पोराचं असतं तसं. चाळीस वर्षांपूर्वीचं खात्रीनं सांगता? ती म्हणाली, "साहेब, मी काल काय जेवले ते विसरते. पण माझ्या पोरांचे कागद विसरत नाही." तिला बाहेर बसायला सांगितलं. तासाभरानं इलिंका आली आणि तिच्या तोंडावरूनच कळलं. मार्चमध्ये ऑपरेशन. आधी उजव्या बाजूची स्मरणशक्ती एकदा तपासायची, ती ठीक निघाली की लगेच. मावशीचा जीव भांड्यात पडला. कुलित्सा मात्र भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मावशी त्याच्याजवळ गेली नाही. जायचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, हे तिला समजेना.

परतीच्या गाडीत तो तिच्या समोर बसला. बाहेर सपाट काळी शेतं होती आणि ऊन कलत होतं. बुझेऊ स्टेशन गेल्यावर तो म्हणाला, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"ही मुलगी आली नसती, हे मंडळ नसतं, तर तुम्ही मला सांगितलं असतंत?"

मावशीला पुष्कळ उत्तरं सुचली. आठवलंच नसतं, हे एक. ते तर जवळजवळ खरंही होतं. आज ना उद्या बोललेच असते, हे दुसरं. ती त्याच्याकडे बघत राहिली. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. तिथेच तिनं लगदा लावून तारा चिकटवल्या होत्या आणि तो पायाची बोटं हलवत पडून होता.

"नसतं सांगितलं," ती म्हणाली. "तू यायचा बंद झाला असतास. दुसरं कोण येतं माझ्याकडे?"

त्यानं मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मावशीला वाटलं, झालं, संपलं. तिनं मांडीवरचे हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले.

बऱ्याच वेळानं तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आतून येताना कागद भरून घेतले माझ्याकडून. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसायला घरचं माणूस लागतं. शुद्धीवर आल्यावर मी ते माणूस ओळखतो की नाही, ते पहिलं बघतात म्हणे. तिथे नाव लिहायचं होतं." तो जरा थांबला. "तुमचं दिलंय. माझंही दुसरं कुणी नाही."

मावशीनं नुसती मान डोलावली. फाउरेई स्टेशन आलं, लोक चढले, उतरले, आणि एक बाई पिशव्या घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली.